ओतचित्रण, बहुफलकी ॲक्रिलिक

पातळ केलेले ॲक्रिलिक रंग कुंचल्याचा वापर न करता आडव्या ठेवलेल्या फलकांवर ओतून, ते फलक कलते करून व रंगांना आपोआप वाहू देऊन चित्र निर्माण करण्याची पद्धती. एकच रचना दोन, तीन किंवा अधिक फलकांवर सलग वाहवून त्या फलकांचा एक संच केला जातो, तेव्हा त्यास बहुफलकी ओतचित्रण म्हणतात. फलक सामान्यतः लाकडी चौकटीवर ताणलेल्या कॅनव्हासाचा असतो; क्वचित प्लायवुडाचाही वापर करतात. या पद्धतीत आकार काही अंशी योगायोगाने घडतात, म्हणून ती केवळ दैवाधीन आहे असा समज रूढ आहे. एका लहान फलकापुरता तो बऱ्याच अंशी चालून जातो. परंतु अनेक फलकांची सांगड घालताना तो टिकत नाही. रंगाची घनता, श्यानता (प्रवाहास होणारा अंतर्गत विरोध), पृष्ठताण, रंगाचे परिमाण, फलकांची समपातळी आणि हवेचे तापमान यांवर ताबा असेल, तरच संचातील फलक एकमेकांशी जुळतात व वाळल्यानंतर टिकतात.

इतिहास : द्रवरंगांच्या स्वैर प्रवाहातून नक्षी मिळविण्याची कल्पना जुनी आहे. जपानमध्ये पाण्याच्या पृष्ठभागावर शाई तरंगवून ती कागदावर उचलण्याची ‘सुमिनागाशी’ ही पद्धती बाराव्या शतकात प्रचारात होती. तुर्कस्तानात तिच्याशी साम्य असणारी ‘एब्रू’ ही कला विकसित झाली. २०१४ मध्ये युनेस्कोने तिचा मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला. दख्खनमध्ये या प्रकारास ‘अबरी’ (फार्सी ‘अब्र’ म्हणजे ढग) असे नाव होते. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात आदिलशाही विजापूर येथे अबरी नक्षीतून घोडा, स्वार यांसारख्या आकृती घडविण्यात आल्या. आकृतीबाहेरचा कागद झाकून केवळ आकृतीच्या भागावर नक्षी उमटविण्याचे कौशल्य तेथील कलावंतांनी साधले होते. प्रवाह स्वैर, पण त्याची सीमा मात्र आखलेली, हे तत्त्व त्यांच्या कामात स्पष्टपणे आढळते. अबरीमध्ये रंग दाट केलेल्या पाण्यावर तरंगतो व तेथून कागदावर घेतला जातो. ओतचित्रणात वेगळे पाणी नसते. रंगाचा ओलसर थर हाच प्रवाह व तोच चित्राचा अंतिम थर होय.

आधुनिक ओतचित्रणाचा आरंभ मेक्सिकन चित्रकार दाव्हीद आल्फारो सिकेरोस (१८९६–१९७४) यांच्या प्रयोगांत शोधता येतो. १९३६ मध्ये त्यांनी न्यूयॉर्क येथे प्रायोगिक कार्यशाळा चालविली. तेथे मोटारींसाठी वापरण्यात येणारे नायट्रोसेल्युलोजाचे रंग आडव्या फळ्यांवर एकावर एक ओतून त्यांच्या परस्पर मिसळण्यातून उमटणाऱ्या आकृतींचा अभ्यास करण्यात आला. या कार्यशाळेत जॅक्सन पॉलक (१९१२–५६) हेही सहभागी होते. १९४७ पासून त्यांनी जमिनीवर पसरलेल्या कापडावर रंग ठिबकविण्याची आपली शैली विकसित केली. हेलन फ्रँकेन्थेलर (१९२८–२०११) यांनी १९५२ मध्ये पूर्वलेप नसलेल्या कापडात पातळ तैलरंग मुरविले. मॉरिस लूइस (१९१२–६२) यांनी टर्पेंटाइनात विरघळणारे ॲक्रिलिक रंग ओतून मोठी चित्रे केली. पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग १९५५ च्या सुमारास अमेरिकेत कलावंतांसाठी बाजारात आले आणि त्यामुळे हे तंत्र घरगुती कामासही सुलभ झाले. हौशी चित्रकारांत त्याचा व्यापक प्रसार मात्र २०१० नंतरच्या दशकात झाला.

महाराष्ट्रात ॲक्रिलिक रंगांचा वापर प्रथम कुंचला, सुरी व रूळ यांच्या साहाय्याने होऊ लागला. नागपूरच्या कलाशाळेत शिकलेले सैयद हैदर रझा (१९२२–२०१६) हे पूर्वी तैलरंगांत काम करीत. पुढे त्यांनी ॲक्रिलिक रंग स्वीकारले. मुंबईचे तय्यब मेहता (१९२५–२००९) यांचे ‘सेलिब्रेशन’ (१९९५) हे कॅनव्हासावरील ॲक्रिलिक चित्र तीन फलकांचे आहे. नागपूर येथे जन्मलेले वासुदेव संतू गायतोंडे (१९२४–२००१) यांनी तैलरंग रूळ व सुरीने पसरून व खरवडून थरांवर थर चढविले. यांपैकी कोणाची चित्रे ओतचित्रणात मोडत नाहीत. तथापि बहुफलकी रचना आणि नियंत्रित योगायोग या दोन्ही गोष्टींचा विचार येथील चित्रकलेत नवा नाही, हे त्यांवरून दिसून येते. रंगसाहित्याच्या बाबतीत मुंबईतील कॅमलिन (स्था. १९३१, २०११ पासून जपानच्या कोकुयो उद्योगसमूहाच्या नियंत्रणाखाली) आणि पिडिलाइट (स्था. १९५९) या उद्योगांमुळे ॲक्रिलिक रंग व त्यांची माध्यमे तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचली आहेत.

रंगाची घडण : ॲक्रिलिक रंग हा पाण्यात विखुरलेल्या ॲक्रिलिक बहुवारिकाच्या (अनेक लहान रेणू जोडून बनलेल्या मोठ्या रेणूंच्या पदार्थाच्या) अतिसूक्ष्म कणांचा बनलेला असतो, त्यात रंगद्रव्याची पूड मिसळलेली असते. पाणी उडून जाते तसे हे कण जवळ येतात, एकमेकांवर दाबले जाऊन आकार बदलतात व अखेरीस परस्परांत मिसळून सलग पटल तयार होते. एकदा तयार झालेले पटल पाण्यात पुन्हा विरघळत नाही. या क्रियेस किमान उष्णता लागते. हवा सु. १०° से. पेक्षा थंड असल्यास कण नीट एकरूप होत नाहीत आणि पटल भुसभुशीत किंवा भेगाळलेले निघते.

ओतण्यासाठी रंग मधासारखा किंवा त्याहून काहीसा पातळ, पण एकजीव असावा लागतो. काडी वर उचलल्यास रंगाची अखंड धार पडावी आणि धारेची खूण पृष्ठभागावर क्षणभर दिसून नाहीशी व्हावी, ही त्याची व्यवहारातील कसोटी होय. असा रंग मिळविण्यासाठी त्यात ओतमाध्यम मिसळतात. ओतमाध्यम म्हणजे रंगद्रव्यविरहित ॲक्रिलिक बंधकच असल्याने त्याने रंग पातळ होतो, पण पटल दुर्बल होत नाही. नळीतील दाट रंगास त्याच्या दुप्पट आणि बाटलीतील पातळ रंगास सम प्रमाणात माध्यम, असा सर्वसाधारण आरंभ करून पुढे गरजेनुसार फरक करतात. केवळ पाण्याने पातळ केलेला रंग स्वस्त पडतो. परंतु त्यातील बंधकाचे प्रमाण घटते व वाळताना आकुंचन अधिक होते. पांढरा लाकडी गोंद (पॉलिव्हिनिल ॲसिटेट) माध्यम म्हणून वापरण्याची प्रथा हौशी मंडळींत आहे. सरावासाठी तो पुरेसा असला, तरी त्याचे पटल ॲक्रिलिकाइतके लवचिक व पाण्यास टिकाऊ नसते. म्हणून जतन करावयाच्या संचासाठी तो योग्य नव्हे. मिश्रणासाठी विहिरीचे किंवा कूपनलिकेचे अति जड पाणी टाळावे, कारण त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम यांच्या क्षारांमुळे बहुवारिकाचे कण एकत्र गोळा होण्याची शक्यता असते.

प्रवाहाचे नियम : ओतचित्रणातील गोलसर जाळीदार आकृतींना कोशिका म्हणतात. त्यांची उत्पत्ती मुख्यतः दोन कारणांनी होते. पहिले कारण घनतेतील फरक. जड रंगाचा थर हलक्या रंगाच्या थरावर ओतला, तर ती रचना अस्थिर असते. जड रंग जागोजाग खाली उतरतो व हलका रंग त्याच्या मधून वर येतो. द्रवयामिकीत यास रेली–टेलर अस्थैर्य म्हणतात. सिकेरोस यांच्या पद्धतीने ओतलेल्या रंगांत हेच अस्थैर्य कार्य करते, असे मेक्सिकोतील राष्ट्रीय विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये प्रयोगांनी दाखविले. कोशिकांचा आकार थरांची जाडी, घनतेतील फरक आणि श्यानता यांवर अवलंबून राहतो. टिटॅनियम पांढऱ्या रंगद्रव्याची घनता पाण्याच्या सु. चौपट व लोह ऑक्साइडाची सु. पाचपट असते, थॅलोसायनीन निळा, क्विनाक्रिडोन किरमिजी यांसारख्या कार्बनी रंगद्रव्यांची मात्र पाण्याच्या सु. दीडपटच असते. त्यामुळे थॅलो निळ्यावर टिटॅनियम पांढरा ओतल्यास कोशिका सहज उमटतात. क्रम उलटा केल्यास थर पुष्कळसे शांत राहतात.

दुसरे कारण पृष्ठताणातील फरक. सिलिकोन तेलाचा पृष्ठताण पाण्याच्या पृष्ठताणाच्या एक-तृतीयांशाहूनही कमी असतो. त्याचे दोन-तीन थेंब रंगात मिसळल्यास तेलाजवळचा पृष्ठभाग सभोवारच्या अधिक ताणाच्या पृष्ठभागाकडे ओढला जातो आणि तेथे वर्तुळाकार मोकळी जागा पडते. तेल अधिक झाल्यास कोशिका सर्वत्र एकसारख्या उमटून रचना निर्जीव होते. शिवाय वाळलेल्या पृष्ठभागावर राहिलेल्या तेलामुळे रोगण चढत नाही. संचाच्या कामात घनतेवर आधारलेल्या कोशिका अधिक भरवशाच्या ठरतात, कारण रंग तोलून घेतले असता त्या प्रत्येक फलकावर जवळजवळ सारख्याच मिळतात. श्यानतेचेही तसेच आहे. संचातील सर्व रंग एकाच श्यानतेचे असावेत. एखादा दाट रंग मागे राहतो व पातळ रंग त्यास वळसा घालून पुढे जातो, त्यामुळे कललेल्या फलकावर पट्टे तुटतात.

ओतण्याचे प्रकार : एकाच पात्रात अनेक रंग थराथराने भरून ते एकदम ओतणे, हा सर्वांत प्रचलित प्रकार होय. भरलेले पात्र फलकावर पालथे ठेवून काही वेळाने उचलल्यास मध्यबिंदूपासून पसरणारी रचना मिळते. त्याच पात्रातील रंग लहान वर्तुळांत संथपणे ओतल्यास झाडाच्या खोडातील वलयांसारखी वलये उमटतात. पाया-रंगावर निरनिराळ्या रंगांची डबकी करणे, ओल्या रंगावरून ओलसर कागदाची पट्टी किंवा पाते ओढणे, रंगात बुडविलेली दोरी ओढून पाकळ्या काढणे व फुंकरीने किंवा केस वाळविण्याच्या यंत्राने रंग ढकलणे, हेही प्रकार वापरात आहेत. अनेक फलकांसाठी यांपैकी डबकी, सलग धार व फुंकर हे प्रकार अधिक सोयीचे. कारण त्यांत रंगाची जागा आधी ठरविता येते. पालथ्या पात्राच्या रचनेस एकच केंद्र असल्याने ती सांध्यांवर तुटल्यासारखी दिसते.

बहुफलकी रचना : फलकांचा संच करण्याच्या तीन मुख्य रीती आहेत. पहिल्या रीतीत फलक एकमेकांस चिकटवून एका मोठ्या फळीवर बसवितात, मागून चिकटपट्टी लावतात व संपूर्ण संचावर एकदम रंग ओततात. रंग स्थिरावल्यावर फलक वेगळे करतात. दुसऱ्या रीतीत एकाच मिश्रणातून तोलून घेतलेले सारखे भाग प्रत्येक फलकावर त्याच क्रमाने ओततात. यात रेषा सलग नसतात, पण रंगसंगती व पोत एकच राहतो. तिसऱ्या रीतीत ओल्या फलकावर दुसरा फलक अलगद टेकवून उचलतात. त्यामुळे एकमेकांच्या आरशातील प्रतिमा असलेली जोडी मिळते.

पहिली रीत सर्वांत परिणामकारक व सर्वांत अवघड आहे. तिच्यात चार गोष्टींची आधी व्यवस्था करावी लागते. पहिली, कापडाचा ताण. ओल्या रंगाच्या वजनाने कापड मध्यभागी झोळते व रंग तेथे साचतो. म्हणून चौकटीच्या कोपऱ्यांतील पाचरी ठोकून ताण वाढवितात आणि कापडामागे जाड पुठ्ठा बसवितात. दुसरी, समपातळी. गवंडी वापरतात ती पाणसळ फळीवर उभी व आडवी ठेवून पातळी पाहतात. अल्पसा उतारही कित्येक तासांत रंग एका बाजूस सरकवितो. तिसरी, कडा. आतील कडांना आधीच पाया-रंग लावून तो वाळवावा लागतो. अन्यथा फलक वेगळे केल्यावर त्या कोऱ्या राहतात. चौथी, भिंतीवरील अंतर. जोडून ओतलेले फलक पुढे परस्परांपासून अंतर ठेवून टांगले, तर आडव्या रेषा जुळलेल्या दिसतात, पण तिरप्या रेषा सांध्यापाशी सरकलेल्या भासतात. दोन सेंमी. अंतर व ३०° चढ असल्यास ही तफावत सु. १·२ सेंमी. भरते, ४५° चढास ती पूर्ण दोन सेंमी. होते. म्हणून तीव्र चढाच्या रेषा सांध्यावर येऊ न देता फलकाच्या मध्यभागी ठेवाव्यात, किंवा फलक टांगावयाच्या अंतरानेच मांडून ओतावेत. दुसऱ्या उपायात मधल्या फटीतून रंग वाया जातो. परंतु नजर फटीवरून रेषा अचूक पुढे नेते.

नियोजनाचे उदाहरण : भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातील आंबागड हा सातपुड्याच्या रांगेतील डोंगरी किल्ला देवगडचा गोंड राजा बख्त बुलंदशाह याच्या कारकीर्दीत, त्याचा सुभेदार राजखान पठाण याने सु. १७०० मध्ये बांधला. खाली भातशेती, मध्ये जंगलाने झाकलेला डोंगर व वर पावसाळी आकाश, असे या परिसराचे आडवे दृश्य तीन फलकांच्या संचासाठी घेतल्यास नियोजनाचे सर्व प्रश्न एकत्र पाहता येतात. प्रत्येक फलक ४० सेंमी. रुंद, ६० सेंमी. उंच व दोन सेंमी. जाड धरला, तर जोडलेल्या संचाचे दर्शनी क्षेत्र ७,२०० चौ. सेंमी. व बाहेरील कडांचे ७२० चौ. सेंमी. भरते. कडांवरून सांडणारा रंग धरून दर चौ. सेंमी.स पाव मिलि. हे प्रमाण घेतल्यास सु. दोन लिटर मिश्रण लागते. त्यात एक-दशांश राखीव मिळवून २·२ लिटर तयार करावे. हे मिश्रण एकाच वेळी करणे आवश्यक आहे, कारण अर्ध्यावर संपलेला रंग पुन्हा तंतोतंत त्याच छटेचा व श्यानतेचा होत नाही.

यांपैकी सु. १·३ लिटर फिकट करडा पाया-रंग व उरलेल्या ९०० मिलि.मध्ये आकाशाचा निळा व पांढरा, डोंगराचा तपकिरी व गडद हिरवा आणि शेताचा पोपटी असे भाग पाडता येतात. आकाशात ढगांसाठी कोशिका हव्यात, म्हणून तेथे हलका निळा खाली व जड पांढरा वर ओतावा. डोंगराची कड मात्र स्थिर हवी, म्हणून तेथे जड तपकिरी खाली व हलका हिरवा वर द्यावा. तपकिरी रंग अंबर मातीचा घेतल्यास त्याची छटा लोह व मँगॅनीज यांच्या ऑक्साइडांमुळे येते. तुमसर तालुक्यातच चिखला व डोंगरी बुजुर्ग येथे मँगॅनीजच्या खाणी आहेत. तथापि खनिजाची स्थानिक भुकटी रंगात मिसळणे इष्ट नव्हे. तिच्या कणांचा आकार अनिश्चित असतो आणि मँगॅनीजयुक्त धूळ श्वासावाटे शरीरात गेल्यास मज्जासंस्थेस अपाय होतो. कलावंतांसाठी तयार केलेला रंगच वापरावा.

प्रथम पाया-रंग तीनही फलकांवर सारखा पसरून सांधे झाकून घेतात. नंतर रंगांचे पट्टे डावीकडून उजवीकडे, सांध्यावर न थांबता, सलग धारेने ओततात. रंग केवळ मधल्या फलकावर ओतून कडेच्या फलकांकडे वाहू देणे ही सामान्य चूक होय. तसे केल्यास मधली रचना दाट व कडेची ताणलेली होते आणि संच तीन निराळ्या चित्रांसारखा दिसतो. फळी दोघांनी दोन टोकांना धरून संथपणे कलती करावी. डोंगराची कड आडव्या दिशेने पसरावयाची असल्यामुळे डावा-उजवा कल अधिक व खाली-वर कल अल्प ठेवतात. रचना मनासारखी होताच थांबणे महत्त्वाचे. कारण फळी समपातळीत आणल्यावरही रंग काही काळ सरकत राहतो.

प्रवाह थांबला, पण पृष्ठभागावर साय धरली नाही, हीच फलक वेगळे करण्याची वेळ होय. मागची चिकटपट्टी कापून कडेचे दोन फलक न उचलता बाहेरच्या दिशेने सरकवितात, सांध्यावरचा सुटलेला रंग बोटाने आतील कडेवर फिरवितात व खालच्या बाजूस लोंबणारे थेंब सपाट काडीने काढून टाकतात. यास उशीर झाल्यास सांध्यावर पटल तयार होते व फलक ओढताना ते फाटून दर्शनी भागाची लांब साल निघते. काही कारणाने उशीर झालाच, तर फलक तसेच पूर्ण वाळू द्यावेत व नंतर धारदार पात्याने सांधा कापावा.

वाळणे व हवामान : ओतचित्र बिघडते ते बहुधा ओतताना नव्हे, तर वाळताना. पृष्ठभाग आधी वाळून साय धरतो, खालचा रंग मात्र ओला राहतो. पुढे साय आकुंचन पावते आणि खालचा मऊ थर तिला धरून ठेवू शकत नाही. परिणामी कोरड्या तळ्याच्या चिखलासारख्या भेगा पडतात. थर जितका जाड, पाणी जितके अधिक व हवा जितकी उष्ण आणि कोरडी, तितका हा धोका वाढतो. भंडारा जिल्ह्यात मे महिन्यात तापमान ४०° से. च्या वर जाते व हवा अत्यंत कोरडी असते. अशा वेळी दुपारी ओतणे टाळून पहाटे किंवा रात्री ओतावे व फलकांवर न टेकणारे खोके पालथे घालावे. विदर्भात घरोघरी असणाऱ्या वाळ्याच्या कूलरमुळे खोलीतील आर्द्रता वाढते, ते उपकारकच. पण त्याचा झोत सरळ फलकांवर येऊ देऊ नये, कारण झोताने एका बाजूची साय लवकर धरते व पृष्ठभागावर लाटा उठतात. पंखाही पहिल्या दिवशी बंद ठेवतात.

पावसाळ्यात स्थिती उलट होते. दमट हवेत पाणी हळूहळू उडते, भेगा कमी पडतात, परंतु रंग अधिक काळ सरकत राहतो. म्हणून समपातळी काही तासांनी पुन्हा तपासावी लागते. कोकणात तर पावसाळ्यात फलकांच्या मागे बुरशी येण्याचा संभव असतो. हिवाळ्यात डिसेंबर–जानेवारीत विदर्भातील रात्रीचे तापमान १०° से. च्या आसपास उतरते, तेव्हा ओले फलक उघड्या पडवीत ठेवू नयेत. संचातील सर्व फलक एकाच खोलीत, एकाच उंचीवर व एकाच वेळी वाळविणे आवश्यक आहे. एक फलक खिडकीपाशी व दुसरा आत ठेवल्यास त्यांच्या चकाकीत व कोशिकांच्या आकारात फरक पडतो आणि तो पुढे दुरुस्त करता येत नाही. पृष्ठभाग सामान्यतः एक ते तीन दिवसांत स्पर्शास कोरडा होतो. परंतु आतील थर पक्का होण्यास कित्येक आठवडे लागतात.

जतन : रोगण लावण्यापूर्वी तीन-चार आठवडे थांबावे. सिलिकोन तेल वापरले असल्यास सौम्य साबणाच्या पाण्याने पृष्ठभाग हलक्या हाताने धुऊन पूर्ण कोरडा करतात. संचातील सर्व फलकांना रोगण एकाच दिवशी, एकाच बाटलीतून लावावे. ॲक्रिलिक पटल उन्हाळ्यात मऊ व किंचित चिकट होते. त्यामुळे फलक एकमेकांवर तोंडे लावून रचल्यास ते चिकटतात व सोडविताना रंग उपटून येतो. फलक उभे व सुटे ठेवावेत, प्रवासात मध्ये मेणकागद किंवा सिलिकोनलेपित कागद घालावा. प्रत्येक फलकाच्या मागे क्रमांक, वरची बाजू, ओतल्याची तारीख व मिश्रणाचे प्रमाण नोंदवावे. एखादा फलक खराब झाल्यास त्याची जागा घेणारा फलक या नोंदीवरूनच करता येतो. तरीही तो मूळ फलकासारखा असतो, तोच नसतो.

सुरक्षितता व सांडपाणी : कॅडमियम, कोबाल्ट वा मँगॅनीज यांची संयुगे असलेले रंग हाताळताना रबरी हातमोजे वापरतात. हवेचे बुडबुडे फोडण्यासाठी वायूची ज्योत फिरविताना ती सतत हलती ठेवावी. एका जागी स्थिर राहिल्यास पटल करपते व हानिकारक धूर निघतो. सांडलेला रंग किंवा पात्रे धुतलेले पाणी मोरीत, ओढ्यात किंवा माजी मालगुजारी तलावांसारख्या गावतळ्यांत सोडू नये; बहुवारिकाचे कण पाण्यात नष्ट होत नाहीत. अशा पाण्यात तुरटी व थोडा चुना मिसळल्यास कण गोळा होऊन तळाशी बसतात. वरचे निवळ पाणी कापडातून गाळून वेगळे करतात व गाळ वाळवून घनकचऱ्यात टाकतात. फळीखालच्या ताटात सांडलेला रंग सरावाच्या फलकांसाठी पुन्हा वापरता येतो.

कलामूल्य : ओतचित्रण सहज शिकता येते व त्याचा पहिला परिणामही आकर्षक असतो, म्हणून त्याची गणना पुष्कळदा केवळ मनोरंजनात केली जाते. हा आक्षेप अंशतः खरा आहे. कोशिका व वलये ही निसर्गनियमांची निर्मिती असून ती कोणाच्याही हातून उमटू शकतात. तथापि कोणता रंग कोणावर ओतावा, प्रवाह कोठे थांबवावा, सांधा कोठे यावा आणि कोणता फलक संचातून वगळावा, हे निर्णय चित्रकाराचे असतात. विजापूरच्या अबरीकारांनी स्वैर नक्षीला आकृतीची सीमा घातली. बहुफलकी ओतचित्रणात तीच सीमा सांधे व कडा यांच्या रूपाने येते. एका फलकावर योगायोगाने साधलेले सौंदर्य तीन फलकांवर टिकविण्यासाठी मोजमाप, नोंद व संयम यांची आवश्यकता असते, आणि या माध्यमात अनुभवी चित्रकाराचे वेगळेपण मुख्यतः तेथेच दिसून येते.